तिची एक तारीख वाया जावो

देवापुढे उभं राहून दुसऱ्याचं वाईट मागणाऱ्या बाईला भक्त म्हणायचं का, ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी ते मागितलेलं आहे. टिटवाळ्याच्या गणपतीपुढे, संकष्टीला, उपाशी पोटी, हात जोडून. पुढे जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते. त्यातला चमत्कार सिद्ध करायला मी बसलेले नाही.

कल्याण पूर्वेला चाळीत आमची एक खोली आहे. हे गेले, त्यांचं वर्षश्राद्ध उरकलं आणि धाकट्या दिराने कोर्टात दावा लावला, की खोली त्याची आहे, वहिनीने ती रिकामी करावी. मला मूलबाळ नाही, माहेरी कुणी उरलं नाही. ठाण्याला नौपाड्यात तीन घरी पोळ्या करते. ती खोली गेली तर पाठ टेकायला मला या जगात जागा नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मला तर ओढूनच चढवलं. ओळखीतल्या एकाने वकील गाठून दिला. त्याने कागद घेतले, बघतो म्हणाला आणि पुढे फोन उचलेनासा झाला. दर तारखेला मी एकटीच जायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायची.

शेजारच्या खोलीत रेखा राहते. तिशीतली असेल. नवऱ्याने मारहाण करून मुलीसकट बाहेर काढलं, म्हणून तिचीही केस त्याच कोर्टात होती. तिला वकील मोफत मिळालेली, कोर्टातल्याच विधी सेवा कार्यालयाकडून. तिने मला तेव्हाच सांगितलेलं, की मावशी, बायकांना मोफत वकील मिळतो, कमाई किती ते बघत नाहीत, तुम्ही पण अर्ज करा. मी नाक मुरडलं. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून नळावर चार बायकांत तिला टोमणासुद्धा मारला. मी माझ्या कष्टाच्या पैशांनी वकील केलेला, त्याचा मला कोण ताठा!

माझा वकील फिरकेना, तसा तो ताठा उतरला आणि नुसता जळफळाट उरला. रेखाची वकील म्हणजे पंचविशीची पोरगी, पण कोर्टाच्या बाकावर रेखाच्या शेजारी बसून एकेक गोष्ट समजावून सांगायची. नवऱ्याने तिच्या वाटेला जायचं नाही असा हुकूम रेखाला दोन-तीन तारखांत मिळाला. ती पेढे घेऊन आली. मी पेढा तोंडात टाकला, चांगलं झालं गं म्हटलं आणि दार लावून रडले. तिच्या दारातली तुळससुद्धा माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. ती फोनवर हसली तरी वाटायचं, हिला हसू सुचतंच कसं.

त्या संकष्टीला मी टिटवाळ्याला गेलेले ती खोलीसाठी. रांगेत दोन तास तेच घोकत होते, बाप्पा, माझी खोली राख. मूर्ती समोर आली आणि मनात आलं ते भलतंच. हिलाच सगळं का रे देतोस? हिची एक तरी तारीख वाया जाऊ दे. कळू दे हिला कसं वाटतं ते. मागून रेटा आला, मी पुढे सरकले, प्रसाद घेतला. बाहेर चप्पल घालताना लक्षात आलं, की खोलीचं मागायचं राहूनच गेलं. परत रांगेत उभं राहायचं त्राण नव्हतं. स्वतःचाच राग येत होता आणि मागितलेलं मागे घ्यावंसंही वाटत नव्हतं, हे खरं सांगते.

पुढच्या आठवड्यात आम्हा दोघींची तारीख एकाच दिवशी आली. कोर्टात शिपाई दारात येऊन नाव पुकारतो, तेव्हा माणूस जागेवर लागतं, म्हणून कुणी व्हरांडा सोडत नाही. माझं नाव पुकारलं. वकील नव्हताच. न्यायाधीश बाईंनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, तुमच्या बाजूने वकीलपत्रच दाखल नाही, जबाबही नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पुकारू. तेव्हाही वकील आला नाही, तर दावा तुमच्या जबाबाशिवाय पुढे चालेल.

मी बाहेर आले. समोर बाकावर रेखा तिच्या पुकाऱ्याची वाट बघत बसलेली. माझं तोंड बघितलं आणि ती उठली. हाताला धरून मला खाली विधी सेवा कार्यालयात नेलं. मला लिहिता येतं, पण पहिल्याच रकान्यात मी चुकीचं लिहिलं, म्हणून अर्ज तिनेच लिहिला. माझ्या नवऱ्याचं नाव, दिराचं नाव, खोली कधीपासून आमची, सगळं विचारून, सावकाश. तेवढ्यात एक वयस्कर वकील आत आले. त्यांची त्या दिवशी पाळी नव्हती. आदल्या दिवशी विसरलेली पिशवी न्यायला आलेले. माझे कागद उभ्या उभ्या वाचले आणि खुर्ची ओढून खाली बसले. सुट्टीनंतर पुकारा झाला तेव्हा ते माझ्या शेजारी उभे होते. जबाब द्यायला मला मुदत मिळाली.

आनंदाने रेखाला शोधायला गेले, तर तिची वकील तिच्यावर चिडलेली. आम्ही खाली असताना तिचं नाव तीनदा पुकारून झालेलं. त्या दिवशी तिची साक्ष व्हायची होती. दोन महिने पुढची तारीख पडली. “जाऊ दे, पुन्हा येऊ,” रेखा एवढंच म्हणाली आणि मला विचारलं, की मावशी, तुमचं झालं ना नीट? मला टिटवाळ्याची रांग आठवली. माझं मागणं शब्दाला शब्द पुरं झालेलं. आणि जे मागायचं राहून गेलेलं, ते तिच्या हातून माझ्या पदरात पडलेलं.

महिनाभर मला घास गोड लागला नाही. निकाल लागेपर्यंत मला खोलीतून काढायचं नाही, असा हुकूम त्या वकिलांनी मिळवून दिला, त्या संध्याकाळी मी शिरा केला आणि रेखाच्या दारात गेले. टिटवाळ्याला काय मागितलं ते सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही दार लावून घेईल. तिने शिऱ्याची वाटी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली,

“म्हणजे तुमचं ऐकतो की तो, मावशी. आता जरा बरं काहीतरी मागा.”

आता मी संकष्टीला जाते ती मागणं त्याच्यावर सोडून. माझं भलं कशात आहे ते मला कळत नाही, हे त्याने मला दाखवून दिलं, तेही किती मायेने. रेखाचा निकाल माझ्याआधी लागला, तिच्या बाजूने. ऐकून पोटात दुखलंच, खोटं कशाला बोलू. पण यावेळी पेढे घेऊन मी गेले.