ह्यांच्या नावाचा कप

आमच्या कारंज्याच्या क्लबात क्रोके खेळतात असं बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. मी हसू देते. फार वर्षांपूर्वी बदली होऊन आलेल्या एका साहेबांनी हा खेळ इथं आणला आणि पुढच्या बदलीला सगळं सामान आमच्या गळ्यात टाकून ते निघून गेले. हिरवळीवर लोखंडी कमानी रोवायच्या, लांब दांड्याच्या लाकडी मोगरीनं चेंडू टोलवत ठरलेल्या क्रमानं एकेका कमानीतून काढायचा आणि शेवटी मधल्या खुंट्याला लावायचा, इतकाच खेळ. साहेबांच्या मोगऱ्या कधीच मोडल्या. आता आहेत त्या इथल्याच सुतारानं बाभळीच्या करून दिलेल्या, आणि कमानी वेल्डिंगवाल्यानं सळई वाकवून दिलेल्या. गुडघे गेले, बॅडमिंटन सुटलं की क्लबातली मंडळी या खेळावर येऊन टेकतात. आम्ही दोघंही तसेच टेकलो.

ह्यांना खेळ फारसा जमत नव्हता. जन्मभर एसटीनं धनजच्या शाळेत ये-जा केलेला माणूस, हातात मोगरीसुद्धा छत्रीसारखी धरायचे. पण त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. "आमच्या घरी मोगरी बायकोच्या हातात असते," असं स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचे. मला मात्र खेळ पहिल्या आठवड्यातच हातात बसला. या खेळात एक गंमत आहे. आपला चेंडू समोरच्याच्या चेंडूला लागला की आपला त्याला चिकटवून ठेवायचा आणि असा टोला द्यायचा की त्याचा चेंडू पार कुंपणाच्या मेंदीत जाऊन पडावा. मी शाळेत जन्मभर मुलींना गप्प बसवलं आणि घरी जन्मभर स्वतः गप्प बसले. त्या टोल्यात जे सुख होतं ते मला दुसऱ्या कशातच मिळालं नाही, हे सांगायला मला आता संकोच वाटत नाही.

स्पर्धा संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारी असते. उन्हाळ्यात आमची काळी माती भेगाळते, चेंडू भेगेत जाऊन बसतो, आणि पावसाळ्यात तर हिरवळीवर पाय टाकायची सोय नाही. स्पर्धा जोड्यांची. नियमात म्हणाल तर कोणतेही दोन सभासद चालतात, पण खेळतात नवरा-बायकोच. शनिवारी सकाळी पहिल्या टोल्याआधी बायका मोगऱ्यांना हळदकुंकू लावतात आणि नवरे नारळ फोडतात. हे कुणी सुरू केलं देव जाणे. दसऱ्याला औजारं पुजायची सवय, जे हातात आलं ते पुजलं. मीही लावलंय हळदकुंकू, चांगलं हौसेनं.

हे गेले त्या वर्षी मी क्लबात पाय ठेवला नाही. पुढच्या दिवाळीनंतर जायला लागले, ते माझ्या मैत्रिणीनं ओढून नेलं म्हणून. ती मूळची अनसिंगची, सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर होऊन कारंज्यात राहते. लग्न केलं नाही. तोंडाची फटकळ, पण मोगरी धरली की हात दगडासारखा स्थिर. सकाळी उन्हं वर यायच्या आत आम्ही दोघीच हिरवळीवर असायचो, आणि थोड्याच दिवसांत आमची चांगली जोडी जमली. एकदा खेळता खेळता तीच म्हणाली, "यंदा आपुन दोघी नाव देऊ. कोन अडवते ते पाहू."

मला ती स्पर्धा खेळायची होती. जिंकायची होतीच, पण आधी खेळायची होती. ह्यांच्यामागे घरात, गल्लीत, लग्नाकार्यात मी बिचारी झाले होते. लोक माझ्याशी हलक्या आवाजात बोलत आणि ताटात एक पुरी जास्त वाढत. हिरवळीवर मी चेंडू मारायला उभी राहिले की कुणाला माझी कीव करायला फुरसत नसे, ज्याला त्याला स्वतःच्या चेंडूची काळजी. तेवढा एक तासच मला परत हवा होता.

आमचे दीर क्लबाचे सेक्रेटरी. एकाच आवारात राहतो, चुली वेगळ्या. आम्ही नाव दिल्याचं त्यांच्या कानावर गेलं आणि त्याच संध्याकाळी माझी जाऊ आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, खरंच खेळता काय तुमी?"

"खेळतो न. काहून?"

"नाई, म्हनलं, तुमच्या दोघीइच्या मोगऱ्याइची पूजा कोन करंन?"

"पूजा नाई केली तं चेंडू जात नाई काय वो?" मी म्हटलं. ती हसली, तिळाचा लाडू खाल्ला आणि गेली. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर आले. कधी नव्हे ते चप्पल दाराबाहेर नीट जोडून काढली. बसले आणि म्हणाले, "वहिनी, कमिटीनं ठरवलं हाय. यंदापासून दादाच्या नावानं फिरता कप ठेवू. शनिवारी तुमचा सत्कार, शाल, श्रीफळ, सगळं. अन् रविवारी कप तुमच्याच हातानं देसान."

मी रडले. ह्यांचं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नव्हतं, आणि इथं कपावर कोरलं जाणार होतं. मी पदरानं डोळे पुसत चहा टाकला, लाडवाचा डबा पुढं केला. दीर चहा प्यायले. उठून दारापर्यंत गेले आणि चप्पल घालता घालता म्हणाले, "आता मातर तुमचं खेळनं बरं नाई दिसत, वहिनी. कप आपल्या घरचा. घरच्यानंच खेळून घरचा कप नेला तं लोक काय म्हनतीन?"

मला ते त्या क्षणी अगदी पटलं. डोळ्यांत पाणी असताना माणसाला काहीही पटतं. मी मान हलवली आणि स्वतःच्या तोंडानं म्हटलं, "खरं हाय तुमचं, भाऊजी."

मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिनं हातातली मोगरी कुंपणाला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "तुले शाल तरी भेटते. मले काय भेटते?" तिला दुसरी जोडीदारीण मिळणार नव्हती हे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही.

आपल्याकडे माणसाला बाजूला सारायचं असलं की त्याचा सत्कार करतात. भांडण नाही, वाद नाही, वर टाळ्या. शनिवारी सकाळी त्यांनी मला पांढरं कापड टाकलेल्या खुर्चीत बसवलं, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. भाषणात माझ्या त्यागाबद्दलही दोन वाक्यं होती. मी कशाचा त्याग केला हे बोलणाऱ्यालाही माहीत नसावं. मग बायकांनी मोगऱ्यांना हळदकुंकू लावलं. करंडा माझ्या खुर्चीसमोरून या हातातून त्या हातात गेला, आणि मी शालीचं टोक सावरत हिरवळीकडे बघत राहिले. थंडी सरून ऊन चटके द्यायला लागलं तरी ती शाल काढता येईना. सत्कारमूर्तीनं शाल काढली तर वाईट दिसतं.

पहिल्याच खेळाला दीर आणि जाऊ मोगऱ्या घेऊन उतरले. मैत्रीण मागून येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "हे तुह्या घरचे नाई काय?"

मी तिला गप्प केलं. दरवर्षी ही दोघं पहिल्याच खेळात बाद होतात, सेक्रेटरी म्हणून मान राखायला उतरली असतील, अशी मी माझीच समजूत घातली. पण त्या वर्षी दैव त्यांच्यावर प्रसन्न होतं. समोरच्यांचे चेंडू कमानीला अडत गेले, या दोघांचे निसटत गेले. रविवारी दुपारी दोघं अंतिम खेळात होती. खेळ इतका गचाळ झाला की मला खुर्चीत बसवेना. दिराचा चेंडू कमानीच्या तोंडाशी पडला होता. समोरच्या बाईंनी तो सरळ मेंदीत पाठवायचा, तर त्या आपलाच चेंडू गोंजारत बसल्या. माझे हात शालीच्या आत वळवळत होते. शेवटी जावेचा चेंडू रखडत रखडत जाऊन खुंट्याला टेकला, आणि स्पर्धा संपली.

बक्षीस समारंभात मी कप घेऊन उभी राहिले. चकचकीत होता, ह्यांचं नाव ठळक कोरलेलं. दिरांनी आधी माइक हातात घेतला. रुमालानं डोळे पुसले ते खरोखर, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "दादाचा कप घरातच राह्यला. याच्यापरीस मोठी श्रद्धांजली कोनती?" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

मग ते कप घ्यायला पुढं आले. मी कप सोडला नाही. हळूच विचारलं, "भाऊजी, घरच्यानं खेळू नये असं तुमीच म्हनलं होतं न मले?"

त्यांना राग आला नाही, ओशाळंही वाटलं नाही. एखाद्या लहान मुलीची समजूत काढावी तसे मायेनं म्हणाले, "अवो वहिनी, आमचं येगळं हाय. आमी जोडीनं हावो."

माइक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं. समोर माझ्याबरोबर वर्षानुवर्षं खेळलेल्या बायका होत्या, ह्यांचे मित्र होते, माझ्याच हाताखाली शिकलेल्या दोघीतिघी होत्या. त्यांच्यापैकी एकाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. जाऊ वाकून माझ्या पाया पडली. मैत्रीण मागच्या रांगेतून उठून फाटकाकडे चालू लागली होती, तिची पाठ तेवढी मला दिसली.

फोटोवाल्यानं आम्हाला तिघांना ओळीनं उभं केलं, मला मध्ये घेतलं, आणि कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाला, "काकू, थोडं हासा."

मी हसले. दिरांवरचा राग कधीतरी निवेल, शेजारी राहायचं आहे. त्या हसण्याचा राग मात्र अजून जात नाही.