आवाज बसल्याचं सोंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही दिगूमामांना ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर तोंड उघडलं असतं का मी — नसतं. तेवढा भित्रा आहे मी.

वसमतच्या एका बँडमध्ये मी गायचो. वरातीत भोंग्यांची गाडी, तिच्यामागं माइक धरून मी, आणि माझ्या शेजारी गळ्यात ढोल अडकवलेले दिगूमामा. सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरचे, हट्ट्याचे, म्हणून मामा. आमच्या शिरड शहापूरला भजनात गाताना त्यांनीच मला ऐकलं आणि हाताला धरून मालकांपुढं नेऊन उभं केलं. पोरगं माझ्या जिम्म्यावर घ्या, असं म्हणाले.

आमच्या धंद्यात उचल असते. दिवाळी झाली की मालक वाजवणाऱ्या-गाणाऱ्याला रक्कम देऊन सीझनभरासाठी बांधून घेतो. मधेच सोडून गेलात तर उचल परत करायची — कागद नसतो, पण चारचौघांत ठरलेलं असतं. आजारी पडलात तर मात्र मालक मागत नाही. लग्नसराईत आजारी माणसाकडून पैसे घेणं आमच्यात अपशकुनी मानतात. बाकीचं सगळं मी विसरायचो, हे बरं लक्षात ठेवलं होतं.

माझी उचल मोटारसायकलीत गेली. होळीच्या सुमारास पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याचा फोन आला. हॉटेलात गायचं, धूळ नाही, ऊन नाही, आणि पैसे इथल्या दुपटीहून जास्त. लगेच ये म्हणाला. आता उचल फेडायची म्हणजे गाडी विकणं आलं. नवी कोरी गाडी! विकली असती तर काय बिघडलं असतं? हे आता विचारतोय. तेव्हा नाही विचारलं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, म्हणतात. आवाजाचं सोंग फार सोपं असतं. एका वरातीत मुद्दाम खरखरलो, दुसरीत कडव्याच्या मधेच थांबलो, मग नुसता कुजबुजायला लागलो. डॉक्टरनं गाणं बंद करायला सांगितलंय, पुण्याला मेव्हण्याकडं राहून इलाज करतो, असं सगळ्यांना सांगितलं. मालकांनी उचलीचा विषयसुद्धा काढला नाही. मामींनी ज्येष्ठमध कुटून पुडी बांधून दिली, आणि मी — मी ती घेतली. घरी आलो, दार लावलं आणि उशीत तोंड खुपसून हसलो. हो, हसलो. एवढंच गाळून बाकीचं सांगितलं असतं तर ती कबुली कसली?

पुण्यात मी दुसऱ्याच नावानं गायचो. आईचा फोन आला की कुजबुजत बोलायचो. एकदा तिनंच सांगितलं — मामांनी औंढ्याच्या नागनाथाला नवस बोललाय. भाच्याचा गळा परत येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही म्हणे.

मे महिना होता. आमच्याकडचा मे! डांबरावर ढोल वाजवत अनवाणी चालायचं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मामांना साखरेचा आजार होता, तेही मला माहीत होतं. मग त्याच फोनवर आवाज आला म्हणून सांगायला काय लागत होतं? पण आवाज आला म्हटलं की मालक म्हणणार, ये मग कामावर, नाहीतर उचल ठेव. म्हणून मी गप्प बसलो. मामांचे पाय एका बाजूला आणि माझी गाडी दुसऱ्या बाजूला — आणि मी गाडी धरली. यात गुंतागुंतीचं काही नव्हतं. मला सगळं कळत होतं.

आषाढ लागला, लग्नं थांबली, तेव्हा माझा आवाज 'आला'. मामांना फोनवरच एक अभंग म्हणून दाखवला. पलीकडून बराच वेळ नुसता रडण्याचा आवाज. मग ते औंढ्याला जाऊन नारळ फोडून आले. पण चप्पल काही घालता येईना. तळव्यात कधीतरी खडा रुतला होता, तो त्यांना कळलाच नव्हता. जखम चिघळली. श्रावणात नांदेडला गुडघ्याखाली पाय काढला.

मग मला उपरती झाली. गाडी विकली, उचलीएवढे पैसे घेतले आणि मालकांकडं गेलो. सगळं खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो, यावर तुमचा विश्वास बसो न बसो. मी पैसे पुढं केले तर मालकांनी ते माझ्याच खिशात कोंबले. आजारी माणसाची उचल घेतल्याचं पाप मी कुठं फेडू, म्हणाले, दिगंबरच्या दवाखान्याला लाव. तोंडाशी आलेलं मी गिळलं. आणि खरं सांगू? बरं वाटलं मला.

ते पैसे मी मामींच्या हातात ठेवले. झालं! मामासाठी भाच्यानं गाडी विकली, असं हट्ट्याला घरोघर सांगतात. कुणी पोरगं नीट वागलं नाही की त्याला माझा दाखला देतात. आईचा ऊर भरून येतो. मी मान खाली घालतो, तर लोक म्हणतात, किती नम्र आहे.

परवा हट्ट्याला गेलो होतो. मामा अंगणात बाजेवर बसले होते. काहीतरी म्हण म्हणाले. मी गायलो, त्यांनी बाजेच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला. गाणं संपल्यावर म्हणाले,

"तुझी मामी मला अजून बोलून राहिली, काहून असला नवस बोलला म्हणून. म्या म्हणलं, माझा एक पाय गेला, पण लेकराचा गळा आला. बराबर झालं. व्हय का न्हाई?"

त्यांनी उगीच बोलायचं म्हणून विचारलं नव्हतं. माझ्या तोंडाकडं बघत होते. मामीही चहा गाळायच्या थांबल्या.

मी म्हणालो, "व्हय, मामा."

त्यांनी आणखी एक गायला सांगितलं. मी गायलो.