भाऊकाकांच्या आगरात गेलेली भिंत

श्रावणातल्या एका सोमवारी आमच्या आगराची भिंत भाऊकाकांच्या आगरात गेली.

पडली नाही. पडली असती तर चार माणसं हळहळली तरी असती. शिमग्यात पालखी एका घरून दुसऱ्या घरी जाते, तशी ती सगळ्या चिऱ्यांनिशी, पाठीमागची माती आणि आईचा माड बरोबर घेऊन, सावकाश खाली उतरली.

भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचे, तात्यांचे, धाकटे चुलतभाऊ. आमचं नारळी-पोफळीचं आगर वर, त्यांचं खाली खाडीला लागून. मधे पुरुषभर उंचीची कड, आणि कडेच्या पायथ्याशी असा चिखल की पाय टाकावा तर वहाण तिथेच राहावी. दर पावसाळ्यात आमची थोडी माती खाली जायची. तात्यांना मातीचं एवढं नव्हतं. पण कडेवर माझ्या आईनं, नवी नवरी असताना लावलेला माड होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तात्या तिचं नाव कधी काढत नसत. संध्याकाळी जाऊन त्या माडाच्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहत. एका चैत्रात ते मला म्हणाले, “अनंता, हा माड राहिला पाहिजे.”

मी शाळेत इंग्रजी आणि ड्रॉइंग शिकवायचो. त्यामुळे ज्यात रेघा आहेत ते सगळं मला येतं, असा घरचा समज होता. (माझाही होता!) मुंबईहून बोटीनं मी बंधाऱ्याच्या भिंतींवरचं एक जुनं पुस्तक मागवलं आणि वाचून वाचून पाठ केलं. मऊ जमिनीवर भिंत जड नको. पाया रुंद हवा, म्हणजे भार पसरतो. मागे दगडगोटे भरायचे, आणि तळाशी भोकं ठेवायची. कारण भिंतीला मातीपेक्षा साचलेलं पाणी जास्त ढकलतं.

तात्यांनी हे सगळं कीर्तन ऐकावं तसं मान डोलावत ऐकलं. मग एकेक कलम दुरुस्त केलं. पाया बाहेर रुंद केला तर भाऊच्या हद्दीत जातो, म्हणजे कोर्ट. आत केला तर माडाची मुळं तुटतात. तेव्हा पाया अरुंद. गोट्यांना गाडी लागते. खणलेला चिखल इथेच पडलाय, तोच मागे भरावा. चिरे पडक्या गोठ्याचे. मी दर वेळी रेघ खोडून नवी काढायचो, आणि दर वेळी भिंत स्वस्त व्हायची. आमच्या घराण्याला काटकसरीची उपजत देणगी आहे. त्या नकाशाइतकी ती कुठेच बहरली नाही.

भोकांवर मात्र मी अडून बसलो. ती राहिली.

भिंत बांधून झाली, पावसाळा लागला आणि भोकांतून तांबडं पाणी वाहू लागलं. मला धन्य वाटलं. चौथ्या दिवशी भाऊकाकांनी पोफळीच्या खोडाची एक लांब पन्हळ आणली, भोकांखाली लावली, आणि ते पाणी आपल्या पोफळींकडे वळवून घेतलं. तात्या वरून पाहत होते.

“माझं शेणखत धुऊन त्याच्या पोफळींना?”

“तात्या, ते पाणी जायलाच हवं. पुस्तकात—”

“जाऊ दे की. आपल्या आगरातल्या आगरात जाऊ दे.”

माझी आत्या मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “पुस्तक लिहिणाऱ्याला चुलतभाऊ नसेल हो.”

नारळाची सोडणं आणि चिकणमाती घेऊन तात्यांनी भोकं बुजवली. टोपली मी धरली होती. (वर्गात पोरं मला चळचळा कापत.)

पुढे भिंत पोटात फुगू लागली. “दिवस गेलेत की काय हिला?” आत्यानं विचारलं. तात्या म्हणाले, चिरा बसतोय. मी पुस्तकात ‘फुगणे’ शोधत बसलो.

सोमवारी सकाळी आत्या बेल काढायला गेली आणि हात हलवत परत आली. माड जागेवर नाही, एवढंच ती म्हणाली. आम्ही धावलो. माड खाली उभा होता, किंचित कलून, जिवंत. माड कोणाच्या जमिनीत यावर जमलेल्या गर्दीत वाद पेटला; पण ती जमीनही आमचीच तिथे गेलेली, त्यामुळे वाद विरला. मी मऊ जमिनीचा सिद्धांत समजावू लागलो, तर एकानं माझ्या हातात छत्री दिली आणि धरायला सांगितलं.

भाऊकाका माडाशी उभे होते. त्यांनी वर पाहिलं. “दादा, माड वहिनीचा आहे. तो वहिनीचाच. केव्हाही ये.”

“दुसऱ्याच्या आगरात मी कशाला येऊ?” तात्या म्हणाले आणि घरात गेले.

त्यानंतर ते संध्याकाळी तुटक्या कडेवर उभे राहून माड पाहायचे. खाली कधीच उतरले नाहीत. भाऊकाका नारळ पाठवायचे, तात्या परत पाठवायचे, आणि वाटेत आत्या त्यातले एकदोन ठेवून घ्यायची. त्यांचंच वाटण तात्या जेवत. बहुधा त्यांना ठाऊक होतं.

या माघात तात्या गेले. भाऊकाका चढण चढून वर आले, माझ्याशेजारी बसले. म्हणाले, “भोकं कशाला बुजवलीत रे? पन्हळ काढ असं दादा म्हणाला असता, तर काढली असती मी.”

मऊ जमिनीवरच्या भिंतीसाठी इतका स्वस्त उपाय माझ्या पुस्तकात नव्हता, आणि जे पुस्तकात नाही ते मला सुचण्याची पद्धत नाही.

आता तिथे उतार आहे. त्यावर गवत आलं आहे. माड खाली आहे, आणि मी रोज उतरून त्याला पाणी घालतो.