राणीचं नाटक परत उभं राहिलं

नात म्हणाली, "आजी, तुझं ते राणीचं नाटक आम्ही डोंबिवलीत परत करतोय. राणी मी आहे. गाण्यांच्या चाली फक्त तुला येतात, शिकव." मी भाकरी थापत होते. हात तसाच राहिला.

नाटक हसायचं होतं. फार जुन्या काळातली राणी, खोटीच, कुणीतरी लिहिलेली. राजा सारखा शिकारीला, आणि हिचं प्रेम कधी प्रधानावर, कधी माळ्यावर, कधी शत्रूच्या राजावर. तिघं एकाच वेळी महालात येतात आणि एकमेकांपासून लपतात. सगळं गाण्यात. वर्तकनगरला आमच्या वसाहतीत कारखान्यातल्या लोकांनी बसवलेलं. राणी व्हायला कुठलीच बाई तयार होईना, म्हणून मी झाले. शाळा माझी तिसरीपर्यंत, गाणी ऐकून ऐकून पाठ केली. आमचे हे तबल्याला.

प्रयोगात माळ्याच्या गाण्याला पुढच्या रांगेतले काही जण उठले. राणीची बदनामी करता म्हणाले. दगड आले. एक ह्यांच्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. एका डोळ्यावर मशिनचं काम जमेना, नोकरी गेली. मी पोळ्या लाटून पोरं वाढवली. ह्यांनी तबला परत काढला नाही, मी गायले नाही.

नातीला हे सगळं माहीत होतं. तरी म्हणाली, "आजी, ही राणी खरी नव्हतीच गं."

"तेव्हापण नव्हती," मी म्हटलं.

शिकवलं शेवटी. नसतं शिकवलं तर चुकीच्या चालीत उभी राहिली असती, थांबली नसती. मग एकदा तालमीला चार माणसं आली. राणी कुठली, कुठल्या घराण्यातली, विचारलं. "प्रयोगाला येतो," म्हणून गेली. तेव्हापासून मला घास जाईना.

आमच्या गावाला काही काम काढायच्या आधी देवीला कौल लावतात. मी घरातच लावला. देवीच्या दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर कर, डावी पडली तर नको. डावी पडली. नातीला सांगितलं तर ती वर बघून म्हणाली, "आजी, फॅन चालू होता."

"मग बंद करून लावते."

"आणि परत डावी पडली तर? मी तर जाणारच. उगाच देवीला कशाला अडचणीत टाकतेस?"

मी परत लावला नाही.

प्रयोगाला जाताना शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, राहू दे असंच. पण सुटलं.

विंगेत पडदेवाल्याच्या बाजूला खुर्ची घेतली. नातीने पडद्याच्या फटीतून ती चौघं मला दाखवली. पडदेवाल्याला सांगितलं, "कुणी उठलं की माझ्याकडे बघ. मी मान हलवली की पाड."

"आजी, कोण मुतायला उठला तरी पाडू?"

"माझ्याकडे बघ म्हटलं ना."

माळ्याचं गाणं आलं आणि चौघं उठली. पडदेवाल्याचा हात दोरीला, डोळे माझ्याकडे. नातीनेही त्यांना बघितलं. तिचा आवाज कापला, मग तिने चाल धरली. ती गाणं सोडत नव्हती, मी मान कशी हलवू?

मागून एक बाई म्हणाली, "ओ दादा, बसा की खाली. तुमची पाठ बघायला आलोय का आम्ही?" लोक हसले. दोघं बसली. दोघं गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली, मग बाहेर गेली. नाटक संपेपर्यंत मी त्या दाराकडे बघत होते.

परत येताना नातीने विचारलं, "आजी, माळ्याचं गाणं कसं झालं?"

"ऐकलंच नाही गं," मी म्हटलं. त्या चौघांचे हात बघत होते, दगडासाठी खिशात जातात का म्हणून.

"बरं, मग कल्याणच्या प्रयोगाला ऐक," ती म्हणाली.

हो म्हटलं. तिथेही मी हातच बघणार.