उघड्या दाराची चाचणी

दुपारचे अडीच. ऋजुता परचुरेच्या संगणकावर सकाळपासून आग जळते आहे. आग अडतीस सेकंदांची, पण त्यातला एकेक सेकंद मोजायला संगणक सहा-सहा मिनिटं घेतो. डिझेलचा ट्रे, वर पाण्याचं धुकं सोडणाऱ्या चार तोट्या, समोर उघडं दार. नारिंगी ठिपके, निळे ठिपके. जेवण अंगावर येतं आणि ठिपके बघता बघता तिची मान खुर्चीच्या पाठीला टेकते.

"झोपलात काय मॅडम?"

शेजारच्या खुर्चीत सुतारमामा बसलेत. चाचणी आवारातली आग पेटवायची आणि विझवायची, हे काम एकोणतीस वर्षं त्यांच्याकडे होतं. मे महिन्यात हृदयविकाराने गेले. ऋजुता त्यांच्या मातीला जाऊन आली होती. तरी तिला नवल वाटत नाही. ती पर्स उचलून त्यांना पाय पसरायला जागा करते.

"तुमची आग बरी," मामा पडद्याकडे बघत म्हणतात. "धूर नाही. भुवया पण जागेवर राहतात."

"तुमच्या कुठे होत्या जागेवर?"

"म्हणून तर आमच्या आगीवर लोकांचा विश्वास."

ते खरंच आहे. दार उघडं असताना तिच्या गणितातली आग काही केल्या विझत नव्हती. मामांच्या खऱ्या चाचणीच्या अहवालात मात्र ती अडतिसाव्या सेकंदाला विझलेली. चूक आपलीच, असं धरून ती तीन महिने गणितातले थेंब बारीक करत गेली, आकडा जुळेपर्यंत. आज पाच वाजता कागद न्यायला माणूस येईल, त्याआधी त्या आकड्यावर सही करायची आहे. सही झाली की अकरा प्रवासी बोटींच्या इंजिनखोल्यांत या तोट्या बसतील. खलाशी उकाड्यापायी तिथलं दार दोरीने बांधून उघडंच ठेवतात, म्हणून चाचणीही उघड्या दाराची.

"चला, दाखवतो," मामा म्हणतात.

खुर्च्यांखाली घोट्याइतकं डिझेल आहे, गार. भिंतीवर ऑफिसचं कॅलेंडर, पण छप्पर पत्र्याचं. कपाटांच्या जागी चाचणी बघायला आलेले पाहुणे बसलेत, मांडीवर चहाचे कप घेऊन. आग पेटते. धुकं उतरतं आणि हवेतच थांबतं. थेंब हाताने बाजूला सारत मामा लोखंडी दारापाशी जातात आणि ते ओढून घेतात.

"मामा, दार उघडं ठेवायचं होतं."

"हो."

"अहवालात उघडं लिहिलंय."

"दोनदा उघडं ठेवून बघितलं. विझंना. पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली. साहेब माझ्याकडं बघायला लागले. तिसऱ्यांदा लावून घेतलं."

बंद खोलीत धुक्याची वाफ होते, ती हवा बाहेर ढकलते आणि आग गुदमरते. दार उघडं असलं की ताजी हवा येत राहते. हे ऋजुताला नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे.

"मी फोन करून विचारलं होतं तुम्हाला. दार नक्की उघडं होतं ना, म्हणून. तुम्ही काय म्हणालात?"

मामा भुवईच्या रिकाम्या जागी खाजवतात. "म्हणालो, तुमच्या गणितात काहीतरी चुकतंय."

"आणि मी ऐकलं."

"ऐकलंत. पण ऑक्सिजनचा तक्ता होता की तुमच्याजवळ. एकवीसवरनं पंधरा टक्क्यांवर आलेला. दार उघडं असताना एवढा उतरतो व्हय?"

उतरत नाही. त्या ओळीसमोर तिने स्वतःच लिहिलं होतं, यंत्रात बिघाड असावा. मामांना खोटं ठरवण्यापेक्षा यंत्राला ठरवणं सोपं गेलं होतं.

"वाटलं होतं, तुम्ही पकडाल," मामा म्हणतात.

"सांगितलं का नाही?"

"निवृत्तीला आठ महिने राहिले होते."

ती पुढच्या शब्दाची वाट बघते. मामा तिला नेहमीच्याच आवाजात विचारतात, "चहा सांगू तुम्हाला?"

वर माणसांच्या चपला वाजताहेत, कुणाचं तरी मूल रडतंय, पायाखालची जमीन पाण्यावर हलते आहे. इंजिनखोलीचं दार बंद आहे. ऋजुता उजव्या हाताने कडी धरते आणि ओढते. दार जड आहे. मामा मदत करत नाहीत, अडवतही नाहीत.

"बेतानं," एवढंच म्हणतात. "हात कापंल."

दार वीतभर सरकतं.

साडेतीन वाजलेत. पडद्यावरची आग विझलेली आहे. खाली आकडा, अडतीस. ज्यावर सही करायची ते पान छापून टेबलावर ठेवलंय. ऋजुता पेन उचलायला हात पुढे करते आणि थांबते. तळव्यावर आडवा तांबूस पट्टा आहे, बोटांच्या पेरांत भुकटी. गंज. इथली दारं काचेची, टेबल लाकडी. ती हात नाकाशी नेते. लोखंडाचा वास येतो.

ती हात पुसत नाही. डाव्या हाताने फोन लावून पाचच्या माणसाला सांगते, आज येऊ नका. मग त्याच हाताने, एकेक कळ शोधत, थेंबांचा मूळ आकडा परत घालते.