लुक आफ्टर म्हणजे काय

दवाखान्याच्या धुलाईखात्यात मावशींनी तेवीस वर्षं चादरी धुतल्या. मग खातंच बंद झालं. पण हातावर हात धरून बसणं त्यांना कुठून जमणार! एका परदेशी बाईंना अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी माणूस हवं होतं. मावशी जाऊन उभ्या राहिल्या.

"विल यू लुक आफ्टर माय फादर?" बाईंनी विचारलं.

शब्द सगळे ओळखीचे. लुक म्हणजे बघणं, आफ्टर म्हणजे नंतर. वडिलांना नंतर बघाल का, असंच ना? त्यांनाच घाई नाही, तर आपण कशाला पुढे पुढे करा! "ओके, आफ्टर," म्हणून मावशी घरी परतल्या.

सगळं ऐकून सुनेनं कपाळावर हात मारला. "अहो आई, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं! शब्द जोडीनं आले की अर्थ बदलतो. वेळ मारून नेतो तेव्हा आपण कुणाला मारतो का?"

"राहू दे आता, आई. या वयात कशाला?" मुलगा हसत म्हणाला.

मावशी हसल्या नाहीत. "जन्मभर लोकांचे डाग काढले. हा माझा आहे, मीच काढणार."

भाजी चिरता चिरता सुनेबरोबर उजळणी सुरू झाली. लुक आफ्टर द शॉप, दुकान सांभाळ. लुक आफ्टर माय बॅग, पिशवीकडे लक्ष ठेव. लुक फॉर मात्र वेगळं, म्हणजे शोधणं.

"म्हणजे चष्मा लुक फॉर, नात लुक आफ्टर."

"अगदी! उलट केलंत तर नात हरवेल."

सकाळी मावशी पुन्हा त्या दारात. बाई संकोचून म्हणाल्या, दुसरी बाई ठरली आहे, सोमवारपासून येईल.

"सोमवारपर्यंत मी. आय लुक आफ्टर फादर," मावशी म्हणाल्या आणि थेट आत गेल्या.

म्हातारेबुवा उशीवरून घसरून वाकडे झाले होते. मावशींनी अंगाखालची चादर दोन्ही मुठींत धरली, बाईंना दुसरी बाजू धरायला लावली आणि एका दमात त्यांना वर सरकवलं. चादरीला एक सुरकुती नाही. म्हातारेबुवांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला आणि मावशींचा हात धरला तो सोडेचनात.

बाईंनी तिथूनच फोन लावला आणि दुसरीला येऊ नका म्हणून कळवलं. मावशींनी म्हातारेबुवांना पुढे दोन वर्षं सांभाळलं. तेवढ्या काळात सतत पडून राहूनही त्यांच्या पाठीला एक फोड आला नाही.