कारणाचा रकाना

मारोती चालवायचा ती सोसायटीची बोट धरणाच्या मधोमध बंद पडली तेव्हा तिच्यात तिघं जण आणि पहाटेची मासळी होती. वल्ही मारत काठाला यायला ऊन चढलं, मासळी नासली. चौथ्या दिवशी मच्छीमार सोसायटीचे चेअरमन ती बॅटरी जीपमध्ये टाकून कळमनुरीला माझ्या घरी आले.

"मिस्त्री, तपासून रिपोर्ट द्या. मारोतीनं घरी टीव्ही चालवून बॅटरी खाल्ली. त्याला कामावरनं काढायचाय."

मी बत्तीस वर्षं बॅटऱ्यांचं काम करतोय. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या बोटीला डीप-सायकल बॅटरी लागते. गाडीची बॅटरी एक झटका देऊन मोकळी होते. ही तासन्‌तास थोडं थोडं देत राहते. पण उपाशी ठेवलेलं हिलाही सोसत नाही.

दिवसभर चार्ज केली, दुसरा दिवस नुसती ठेवली. मीटरवर आकडा बरा आला. नुसत्या मीटरवर विसंबतो तो मिस्त्री नव्हे. हेडलाइटचे दोन बल्ब जोडले, पंधरा मिनिटांत बॅटरीनं मान टाकली. मग हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिड ओढून त्याचा दाटपणा मोजणारी काचेची नळी, सहाही कप्प्यांना लावला. सगळीकडे ॲसिड पातळ, प्लेटांवर पांढरा थर. याला सल्फेशन म्हणतात. उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली की असं होतं.

मारोतीला बॅटरी सांभाळायला मीच शिकवलं होतं. त्याच्या घरी गेलो. पडवीत हवेशीर जागी रात्री बॅटरी चार्जिंगला ठेवायची लाकडी फळी, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, टर्मिनलला लावायची व्हॅसलीनची डबी. टीव्ही होता, तो घरच्या लाइटवर.

"लेकरालाबी हात लावू देत न्हाईत हे," त्याची बायको म्हणाली. "मला ताप आला तं इचारत न्हाईत, बॅटरीचं पाणी बघून राहतात."

"काका, पहिल्याच दिवशी दम सोडला व्हता तिनं," मारोती म्हणाला. "सांगितलं तं चेअरमन म्हणले, तुलाच बोट चालवता येईना."

परत आलो तर चेअरमन रिपोर्ट न्यायला येऊन बसलेले. त्यांना विचारलं, "मारोतीला द्यायच्या आधी बॅटरी कुठं होती?"

"गोडाऊनला. साहेबांच्या हातानं लोकार्पण करायचं होतं. मदी आचारसंहिता लागली. नऊ महिने त्यातच गेले."

"त्या नऊ महिन्यांत चार्ज केली?"

"फीत बांधलेली वस्तू कोणी उघडतं का, मिस्त्री?"

म्हणजे बॅटरी मारोतीकडे आली ती मेलेलीच. रिपोर्टच्या छापील कागदावर मी लिहिलं: सल्फेशन, बॅटरी बाद. खाली 'कारण' असा रकाना होता.

"ते मी बघतो," चेअरमन म्हणाले. "तुमी सही करा."

त्यांचे तीन ट्रॅक्टर, दोन जीपा, सगळ्यांच्या बॅटऱ्या माझ्याकडं येत. आपण खोटं तर काही लिहिलं नाही, अशी मनाची समजूत घातली आणि सही ठोकली. आजही त्या सहीची लाज वाटते.

महिन्यानं मारोती दारात आला. काम गेलं होतं. हातात रिपोर्टची झेरॉक्स. रकान्यात दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलं होतं: 'वापरणाऱ्याकडून घरगुती गैरवापर.'

"काका, सही तुमचीच हाय न्हवं?"

"हो."

"मंग माजं कुठं चुकलं ते सांगा. तुमी शिकवलं तसंच केलं मी."

चिडला असता तर बरं झालं असतं. तो खरोखर चूक शोधत होता.

"तुझं काहीच चुकलं नाही," म्हणालो. त्याच दिवशी खरं कारण लिहून नवा रिपोर्ट केला आणि सोसायटीत नेऊन दिला. चेअरमननं तो सावकाश वाचला.

"मिस्त्री, पहिली सही खोटी का ही खोटी?"

मारोती आता मोंढ्यात सोयाबीनची पोती उचलतो. चेअरमनच्या बॅटऱ्या दुसरीकडं जातात.

नव्या पोरांना मी एवढंच सांगतो: सहीच्या वर कोरी जागा सोडू नका. तिथं जे लिहिलं जातं, ते तुम्हीच लिहिलेलं असतं.